पालकांना कळवण्यात आले आहे

मुलींना खोलीत ज्या वस्तू ठेवायला बंदी होती, त्या सगळ्या वर्षभर माझ्या कपाटात असायच्या. पाणी तापवायचे कॉइल, इस्त्र्या, किटल्या, एक छोटा मिक्सर, आणि एकदा तर गोधडीत गुंडाळून आणलेली इंडक्शन शेगडी. तपासणीत सापडलं की जप्त करायचं, वर नाव चिकटवायचं आणि वर्ष संपलं की परत द्यायचं. माझी धाकटी बहीण लता सुरतेतच उधन्याला राहते. ती एकदा ते कपाट बघून म्हणाली, "ताई, तू रेक्टर आहेस का भंगारवाली?"

रेक्टर म्हणजे वसतिगृहात मुलींबरोबर राहणारी, त्यांची जबाबदारी असलेली बाई. सुरतेतल्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या होस्टेलात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, लिहून आता कोणाचं भलं होणार नाही. तळमजल्यावर फाटकाला लागून माझी दोन खोल्यांची जागा होती. मुली मला मॅडम म्हणत, साहेब लोक आणि शिपाई सुमनबेन. नळाला पाणी नाही इथपासून मुलीला ताप चढलाय इथपर्यंत प्रत्येक गोष्ट माझ्या दारात यायची. माझ्या वर एक चीफ वॉर्डन साहेब असत. ते मुळात प्राध्यापक, होस्टेलचं काम त्यांच्याकडे जास्तीचं. ते महिन्यातून एकदा बैठक घेत आणि चहा पिऊन जात.

नियमांचे दोन प्रकार असतात हे मला तिथे गेल्यावर काही वर्षांनी कळलं. काही नियम वस्तूंसाठी असतात आणि काही मुलींसाठी. वस्तूंच्या नियमांत मी कधी हयगय केली नाही. आमची वायरिंग जुनी होती. एका मुलीने चालू इस्त्री गादीवर ठेवली आणि मैत्रिणीशी बोलायला गॅलरीत गेली. गादी धुमसली, खोलीभर काळा धूर झाला. शेजारच्या खोलीतली मुलगी दम्याची होती, तिला ओढून बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून जिन्यात कोणाच्या चपला किंवा बादली दिसली तरी मी ती उचलून थेट अंगणात फेकायचे. मुली चिडायच्या. चिडू देत. आग लागल्यावर धुरात पाय अडकायला एक चप्पल पुरते.

आगीच्या सरावाची मात्र नेहमी शोभा व्हायची. घंटा वाजली की सगळं सोडून मैदानात यायचं, एवढंच सांगितलेलं असायचं. मुली निवांत उतरायच्या, केस बांधत, मोबाइलमध्ये बघत. राजकोटची एक मुलगी एका वर्षी दोन्ही हातांत थेपल्यांचा डबा धरून आली. अग्निशमनचे अधिकारी म्हणाले, "बेटा, सामान घ्यायचं नाही." ती म्हणाली, "साहेब, हे सामान नाही, मम्मीने पाठवलंय." अधिकाऱ्यांनाही हसू आवरेना.

मुलींसाठीच्या नियमांत हसण्यासारखं फारसं नव्हतं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी फाटक बंद. जेवणानंतर हजेरी. भेटायला येणाऱ्यांनी भेटीच्या खोलीतच बसायचं. प्रत्येक मुलीचा एक स्थानिक पालक हवा, म्हणजे सुरतेत राहणारा नातलग, आणि मुलगी बाहेर जाणार असेल तर त्याला माहीत असायला हवं. या सगळ्याच्या मुळाशी एकच समजूत होती. धोका फाटकाबाहेर असतो, अनोळखी असतो, आणि मुलगी घरच्या माणसाच्या हाती दिली की आपली जबाबदारी संपली.

कतारगामचे एक हिऱ्यांच्या कारखान्यातले आजोबा नातीला सोडायला आले होते. गावाकडची नात, हे तिचे स्थानिक पालक. त्यांनी कुंपणाच्या भिंतीला एक फेरी मारली, जागोजागी काठी उभी धरून पाहिली आणि मला येऊन म्हणाले, "दीवाल नीची छे, बेन." भिंत बुटकी आहे. मी म्हटलं, "काका, एवढी भिंत चढून कोण येणार?" ते म्हणाले, "आववावाळानी वात नथी करतो." मी येणाऱ्याचं बोलत नाहीये.

मला तेव्हा गंमत वाटली होती. बहिणीला घरी जाऊन सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो.

या अंकाच्या संपादकांनी मला आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा त्यांच्या मनात अशाच गमती असणार. त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की मला कोमलच आठवते. तिला टाळून लिहायचं तर मग न लिहिलेलंच बरं.

कोमल दोंडाईचाची. वडील मिरचीच्या बाजारात दलालाकडे कामाला होते, ते ती शाळेत असतानाच गेले. मोठा भाऊ योगेश सुरतेत. लिंबायतला एका भागीदाराबरोबर त्याने साड्यांवर एम्ब्रॉयडरी करणारी यंत्रं टाकली होती. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तिने प्रवेश घेतला तेव्हा तोच तिला घेऊन आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, दर वाक्याला 'मॅडम'. तो भरत असलेले कागद मी बघत होते. कोमल माझ्या टेबलासमोर उभी होती. मी शिपाईबाईला काहीतरी म्हटलं, त्यात आमच्या घरच्या बोलीतला एखादा शब्द आला असणार. कोमलचे डोळे एकदम मोठे झाले.

"मॅडम, तुम्ही खान्देशना शेतस का?"

"अमळनेरना," मी म्हटलं. "बाप उधन्याला लूमवर होते. मी इथलीच."

ती हसली. भावाने वर पाहिलं, तशी हसू आवरून ती खाली बघायला लागली. तेव्हा मला ते लाजणं वाटलं.

मुलगी हुशार होती आणि तिला कामाची आवड होती. तिसऱ्या वर्षाला तिने कापडाच्या रंगांचा विषय घेतला. रंग पक्का की कच्चा, उन्हात किती टिकतो, घामाने उतरतो का, हे तपासायचं शास्त्र. सुरतेच्या पांडेसरा, सचिन या भागांतल्या डाइंग मिलमध्ये अशा तपासणीच्या लॅब असतात, तिथे तिला नोकरी करायची होती. माझ्या नव्या साडीचा पदर ती चिमटीत धरायची आणि म्हणायची, "मॅडम, ही पहिल्या धुण्याला वेगळी भिजवा, बाकीच्या कपड्यांची रंगपंचमी करेल." लॅबमधून परत यायची ती बोटं निळी-जांभळी करून. पुढे फाटकावर बोटांचं यंत्र बसलं, तेव्हा रंगाने माखलेलं बोट त्याला ओळखता यायचं नाही आणि ती पुन्हा पुन्हा कुडत्याला पुसत उभी राहायची.

रविवारी ती भावाकडे जायची. नियमच होता तसा, स्थानिक पालक बोलावेल तेव्हा जायचं. तिथून आली की दोन दिवस जेवायला खाली येत नसे. एकदा हाताला सूज होती. म्हणाली, यंत्राच्या कोपऱ्याला लागलं. एकदा कानाखाली व्रण होता. म्हणाली, बस थांबली तेव्हा दांडीवर आदळले. होस्टेलच्या बाईला मुली खोटं बोलल्या की कळतं, पण त्या खोटं कशासाठी बोलतात ते दर वेळी कळतंच असं नाही. मला वाटलं कोणी मुलगा असेल.

त्या वर्षीच्या दिवाळीत ती माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. सुट्टीत होस्टेल पूर्ण रिकामं करायचं असतं, मेस बंद, पाणी बंद, फाटकाला कुलूप. ती म्हणाली, "मॅडम, मी इथंच राहिले तर?"

"घरी का नाही जायचं?"

"जायचं नाहीये."

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, एका मुलीसाठी इमारत उघडी ठेवता येणार नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. मला स्टाफच्या जागेत विद्यार्थिनी ठेवायला परवानगी नव्हती. मग मी तिला लताकडे घेऊन गेले, उधन्याला. भावाला फोन करून सांगितलं की माझ्या बहिणीकडे दिवाळीच्या कामाला मदत हवी आहे, आपल्याकडचीच मुलगी आहे म्हणून नेते. तो लगेच हो म्हणाला. "मॅडम, तुमच्याकडे म्हणजे घरीच."

लताच्या स्वयंपाकघरात दुपारी आम्ही तिघी सांजोऱ्या करत बसलो होतो. कोमल लाटत होती, मी सारण भरत होते, लता तळत होती. लताने सहज विचारलं, "तुना दादा सणाला येवाव नही का तुले भेटाले?" कोमलचं लाटणं थांबलं. मग ती खालीच बघत म्हणाली, "मना दादा माले मारस."

 कढईत एक सांजोरी काळी होत गेली तरी लताने ती काढली नाही.

"काबरं?" मी विचारलं.

मग ती बोलत राहिली, मराठीत, अहिराणीत, मध्येच हिंदीत, जसं सुचेल तसं. योगेशच्या भागीदाराला एक धाकटा भाऊ होता. त्याच्याशी तिचं लग्न ठरवायचं होतं, म्हणजे धंदा एकाच घरात राहील. ती नाही म्हणाली होती. शिकून नोकरी करीन म्हणाली होती. आधी थोबाडीत मारली, मग पट्टा. आई दोंडाईचाहून येऊन-जाऊन असायची, ती समोर असली तर दुसऱ्या खोलीत जायची. "आईचं चुकत नाही," कोमल म्हणाली. "ती मध्ये पडली की तिलाही मारतो."

लताने गॅस बंद केला आणि तिला जवळ घेतलं. कोमल रडली नाही. पिठाचे हात वर धरून तशीच बसून राहिली, लताच्या साडीला पीठ लागू नये म्हणून.

सुट्टी संपल्याबरोबर मी चीफ वॉर्डन साहेबांकडे गेले. तिचं नाव न घेता सांगता येईना, म्हणून तिच्या परवानगीने नाव घेऊन सांगितलं. मागणं लहान होतं. तिच्या स्थानिक पालकाचं नाव बदला, भावाच्या जागी माझी बहीण लिहा, आणि भावाच्या घरी जायची सक्ती काढा.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "बेन, पालक बदलायला पालकाचीच सही लागते."

"साहेब, ती वीस वर्षांची आहे. स्वतः सही करेल."

"कायद्याने मोठी असेल. होस्टेलात नाही."

मग त्यांनी मला समजावलं की उद्या प्रत्येक मुलगी भावावर काहीतरी सांगून पालक बदलून घेईल आणि बाहेर काही बरंवाईट झालं तर विद्यापीठ अडकेल. "आणि बेन, योगेशभाई? ते तर आपले सगळ्यात जबाबदार पालक आहेत."

हे खरं होतं. पालकसभेला योगेश कधी चुकला नाही. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, ऑफिसात घारी या सुरती मिठाईचा डबा घेऊन यायचा. सभेत उठून तो मुद्देसूद बोलायचा. आमच्या बहिणी इथे आहेत, फाटकावर कडक लक्ष हवं, जमाना खराब आहे. बाकीचे बाप टाळ्या वाजवायचे. साहेबांनी त्याला होस्टेलच्या सुरक्षा समितीवर पालकांचा प्रतिनिधी म्हणून घेतलं होतं. मी त्याच समितीची सदस्य. महिन्यातून एकदा आम्ही एका टेबलाशी बसायचो. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्याने माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली, तेव्हा मला त्याच्या हाताकडे बघवेना.

मी महिला हेल्पलाइनला फोन केला. दोन बायका आल्या, दोघी समजूतदार. कोमलला माझ्या खोलीत बसवून त्यांनी प्रेमाने विचारलं. कोमल म्हणाली, काही त्रास नाही. मी थक्क झाले. त्या गेल्यावर मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "अगं, हीच तर वेळ होती!"

ती म्हणाली, "मॅडम, पोलीस दादाला घेऊन गेले तर संध्याकाळी सोडतील. मी इथं फाटकाच्या आत असेन. आई कुठे असेल?"



मग आम्ही दोघींनी वेळ काढायचं ठरवलं. वर्ष संपायला फारसा काळ राहिला नव्हता. परीक्षा झाली, नोकरी लागली की ती नोकरदार बायकांच्या होस्टेलात जाईल, तिथे स्थानिक पालक लागत नाही. मग आईला बोलावता येईल. तोवर रविवारी प्रॅक्टिकलची तयारी आहे असं सांगायचं. फाटकावरचे रमणभाई वयस्कर होते, शांत माणूस. कोणी बाहेर गेलं तर वहीत लिहायचे आणि कोणाचा फोन आला तर "रेक्टरबेनला विचारा" म्हणायचे. योगेश फोन करायचा, मी सांगायचे, लॅबमध्ये आहे. असे काही आठवडे बरे गेले. तिच्या गालावर जरा रंग आला. एकदा मेसमध्ये तिने ताटभर शेवभाजी मागून घेतली तेव्हा मला कोण आनंद झाला.

पण समितीच्या बैठकीत नवीन सुरक्षा धोरण आलं. दुसऱ्या कुठल्याशा शहरातल्या होस्टेलातून एक मुलगी पळून गेली होती, त्यावरून वरून पत्र आलं होतं. फाटकावर बोटांचं यंत्र बसवायचं. मुलगी आत आली किंवा बाहेर गेली की त्याच क्षणी पालकाच्या मोबाइलवर संदेश जाणार. मी म्हटलं, मुलींना विचारून घ्या, ज्यांना नको असेल त्यांचं बंद ठेवा. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी जिन्यातला दिवा काढा म्हणतेय.

योगेश म्हणाला, "मॅडम, ज्याला लपवायचं नाही त्याला संदेशाची भीती कशाला?"

ठराव झाला. विरोधात एकटी मी. मी विरोध केल्याचं लिहून घ्या असा हट्ट धरला, तर साहेब मिटिंगनंतर म्हणाले, "सुमनबेन, तुमची रिटायरमेंट जवळ आली आहे, कशाला?"

यंत्र बसलं. आता योगेश मला फोन करून विचारायचा नाही, सांगायचा. "मॅडम, लॅब तर केव्हाच सुटली असणार, ही आता आत आली. मध्ये कुठे होती?" लायब्ररीत थांबली, मैत्रिणीबरोबर नारळपाणी प्यायला थांबली, प्रत्येक गोष्ट त्याच्या खिशात वाजत होती. कोमलने बाहेर जाणंच सोडलं. लॅब ते होस्टेल, होस्टेल ते लॅब. रमणभाई यंत्राकडे बघून म्हणायचे, "बेन, मारूं काम तो हवे आ डबो करे छे." माझं काम आता हा डबा करतो. त्यांना वाटायचं आपली नोकरी जाईल. मला कशाचं दुःख होत होतं ते त्यांना सांगता आलं नाही.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिच्या सरांनी तिचं नाव सचिनच्या एका मिलला सुचवलं. मुलाखतीला बोलावणं आलं. जायलाच हवं होतं. जाऊन-येऊन अर्धा दिवस लागणार, आणि संदेश तर जाणारच. मी म्हटलं, मी भावाला सांगते की कॉलेजतर्फे मिल बघायला नेत आहेत. सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं आहे, मॅडम." मला हायसं वाटलं.

ती परत आली ती धावतच माझ्या खोलीत. "मॅडम, घेतलं! त्यांनी एक तुकडा हातात दिला आणि विचारलं यात काय चुकलंय. मी सांगितलं, रंग चुकला नाही, धुणं चुकलंय. ते हसले आणि म्हणाले, निकाल लागला की या." मी तिच्या तोंडात साखर घातली. तेवढंच घरात गोड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी योगेश आला. बरोबर आई. त्याने कॉलेजात फोन करून विचारलं होतं. मिल बघायला कोणाला नेलंच नव्हतं.

आईला मी पहिल्यांदाच पाहत होते. डोक्यावरून पदर, भेटीच्या खोलीतल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली. योगेश शांतच होता. म्हणाला, "आईची तब्येत बरी नाही. कोमलला काही दिवस घरी नेतो."

आयुष्यभर मी ज्या नियमांवर बोट ठेवून मुलींना थांबवलं, ते सगळे नियम मी त्या दुपारी योगेशपुढे मांडले. परीक्षेच्या काळात रजा मिळत नाही. विभागप्रमुखांची परवानगी लागते. आदल्या दिवशी अर्ज लागतो. आजारपणाला डॉक्टरचा कागद लागतो. तो ऐकत होता. मग त्याने मोबाइल काढला आणि बाहेर जाऊन कोणाशी तरी बोलला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. चीफ वॉर्डन साहेब. "बेन, आई स्वतः आली आहे. सख्खा भाऊ आहे. समितीचा माणूस आहे. कशाला प्रकरण वाढवता? प्रॅक्टिकलला परत आणून सोडतील, मी बोललोय."

"साहेब, मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं."

"तिने स्वतः कधी तक्रार केली का? नाही ना? मग द्या."

मी कोमलला खाली बोलावलं. ती आली, आईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं नाही. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोमल, तुला जायचं आहे का? नाही म्हणालीस तर मी तुला फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. नोकरी गेली तरी."

मी ते खरंच करणार होते. आजही मला खात्री आहे की मी केलं असतं.

 मग आई उठली. तिने पदर सारखा केला तेव्हा तिच्या मनगटावरचा काळानिळा पट्टा मला दिसला, कोमललाही दिसला. आई म्हणाली, "चाल माय, घर चाल."

कोमल म्हणाली, "जाते, मॅडम."

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. तिने यंत्रावर बोट ठेवलं. बोटाला रंग होता, यंत्राने घेतलं नाही. तिने बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा नाही. मी मनात म्हटलं, नको घेऊस. बावळटासारखी मी एका डब्याची विनवणी करत होते. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला. आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या योगेशच्या खिशात फोन वाजला. त्याने सवयीने काढून बघितला. मला तो संदेश पाठ होता. आपली पाल्य वसतिगृहातून बाहेर पडली आहे, पालकांना कळवण्यात आले आहे. त्याने फोन परत खिशात ठेवला आणि बहिणीची बॅग उचलली.

प्रॅक्टिकलला ती आली नाही. फोन बंद. मी लिंबायतच्या घरी गेले, कुलूप. सुट्टी काढून पॅसेंजरने दोंडाईचाला गेले. घरासमोर मांडवाचे बांबू अजून रचून ठेवलेले होते, काढलेले. आईने पाणी दिलं, चहा दिला. "तिकडेच दिली, सुरतलेच," म्हणाली.  मी निघताना तिने माझ्या ओटीत नारळ घातला आणि ती दाराआड गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. मी थांबले नाही, गाडी होती.

साहेबांना मी सगळं लिहून दिलं. पोलिसांकडेही गेले. ते म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, लग्न राजीखुशीने झालं आहे, तिची तक्रार आहे का? साहेब म्हणाले, लग्न झालं ना, मग सुखरूप आहे. समितीच्या पुढच्या अहवालात लिहिलं होतं की यंत्र बसल्यापासून होस्टेलातून एकही मुलगी बेपत्ता झालेली नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. कोमल बेपत्ता नव्हती. ती कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

पत्ता मिळायला मला वेळ लागला. सुरतेतच दिंडोलीला, योगेशच्या भागीदाराचं घर, तिसऱ्या मजल्यावर. मी साडी आणि चोळीचं कापड घेऊन गेले, माहेरची बाई म्हणून. सासू समोर बसून होती. कोमल चहा घेऊन आली. बारीक झाली होती. मी विचारलं, परीक्षेचं काय, पुढच्या वर्षी देता येते. ती सासूकडे बघून म्हणाली, "आता कुठे, मॅडम." मी निघाले तशी ती केरकचऱ्याची बादली घेऊन जिन्यापर्यंत आली. मला वाटलं काही सांगेल. मी पटकन म्हटलं, "लताकडे ये. कधीही ये. मी बघते पुढचं."

ती म्हणाली, "मॅडम, परत येऊ नका. तुम्ही गेलात की मला विचारत बसतील, काय बोलली, का आली होती." मग बादली या हातातून त्या हातात घेत, "राग नका मानू." आणि वर गेली.

मी परत गेले नाही. माझ्यामुळे ती मार खात असेल तर मी कशाला जाऊ? आणि गेले नाही म्हणून ती मार खात नसेल, असं तरी कशावरून?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, जूनमध्ये, प्रवेशाच्या रांगेत योगेश उभा होता. तोच पांढरा शर्ट. बरोबर धाकटी बहीण, पूनम. बारावीला चांगले गुण, कॉमर्सला प्रवेश. मला हात जोडून तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून इथंच टाकतोय. दुसरीकडे विश्वास नाही." त्याच्या आवाजात खोट नव्हती. तो हे मनापासून बोलत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. नियमाप्रमाणे मला नाकारता येत नव्हतं. गुण होते, होस्टेल मिळण्याइतकं गाव लांब होतं, पालक होता.

तो बाहेर सामान उतरवायला गेला तेव्हा मी पूनमला आत घेतलं. दार लोटलं. तिचे डोळे थेट कोमलचे. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "ताई कशी आहे?"

"बरी आहे."

"माझी आठवण काढते का कधी?"

"हो," ती म्हणाली. "निघताना भेटले तिला."

"काय म्हणाली?"

पूनमने दाराकडे पाहिलं. मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "ताई म्हणाली, होस्टेल चांगलंय, जेवण चांगलंय. मॅडम खूप चांगल्या आहेत, पण त्यांना काही सांगू नको."